दुरुस्त झालेल्या धावपट्टीचं भूत

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर ‘२८ आर’ नावाची एक धावपट्टी आहे. होकायंत्राच्या साधारण २८० अंशांकडे तोंड केलेल्या जोडीतली उजवी, म्हणून हे नाव. हा विमानतळ खाडीत भराव घालून तयार केलाय आणि खाली मऊ गाळ आहे. अशी जमीन सगळीकडे सारखी बसत नाही. इथे चार बोटं खचली, तिथे जरा जास्त, पलीकडे जवळजवळ नाहीच, असं चालतं. एके काळी वापरातल्या बऱ्यापैकी खडबडीत धावपट्ट्यांत या २८ आरची गणना व्हायची. पुढे तिच्यावर नवा थर चढला आणि प्रश्न मिटला.

मिटला म्हणजे तिथे उतरणाऱ्या विमानांपुरता मिटला. दुरुस्तीआधी तिची पातळी ठरावीक अंतरांवर मोजून ठेवलेली होती, आणि त्या आकड्यांचा तक्ता आजही जिवंत आहे. अमेरिकेत किंवा युरोपात एखादं नवं प्रवासी विमान मंजुरीसाठी येतं, तेव्हा त्याचा सांगाडा आणि पाय जमिनीवरच्या धक्क्यांना पुरे पडतील का, हे तपासायला संगणकात ते याच जुन्या धावपट्टीवरून पळवतात. आता कुठेच नसलेली ती धावपट्टी अशी कागदावर राहून गेली आहे.

यामागचा नियम वाचला की हसू येतं. नेहमीच्या वापरात वाजवीपणे अपेक्षित असलेल्या सर्वांत खडबडीत जमिनीवरून जाताना जेवढे भार येतील, तेवढे तरी विमानाच्या सांगाड्यानं सोसले पाहिजेत, असा त्याचा मतितार्थ. ‘वाजवीपणे’ हा शब्द वकिलाला आवडेल. इंजिनियरला त्यातून एकही आकडा मिळत नाही. म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं २००० साली एक मार्गदर्शक परिपत्रक काढलं आणि त्यात २८ आरचा तक्ताच जोडून दिला. वाजवी खडबडीतपणा म्हणजे काय, तर हा घ्या!

पण एवढी यातायात कशासाठी? धावपट्टीवर खड्डा असेल तर दिसेल, बुजवतील. विमानं हवेत वादळातून जातात, जमिनीवरच्या दोन-चार बोटांच्या चढउतारानं त्यांना काय होणार?

इथे आपला रस्त्यावरचा अनुभव आपल्याला फसवतो.

वर्गात हा विषय आला की मी मुलांना एक प्रश्न विचारतो. विमान ताशी दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरनं पळतंय. त्याला कुठला खड्डा जास्त वाईट? हातभर रुंद आणि दोन इंच खोल, की साठ मीटर लांब आणि तेवढाच दोन इंच खोल? मुंबई-गोवा रस्त्यावर वाढलेली आपली पोरं एका आवाजात पहिला खड्डा म्हणतात. दुसऱ्याला तर ती खड्डाच मानायला तयार नसतात. साठ मीटरांत दोन इंच? तिथे उभं राहिलं तर डोळ्यांनाही कळणार नाही!

आता हिशोब करू. ताशी २१६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ६० मीटर. हातभर खड्डा, धरा अर्धा मीटर, चाकाखालून एका सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत निघून जातो. त्याचा धक्का टायरला बसतो, चाकाच्या रिमला बसतो, आणि खड्ड्याची कड धारदार असेल तर टायर कापलाही जातो. तो त्रास खराच. पण सत्तर-पंचाहत्तर टनांचं धड एवढ्या वेळात हलायलासुद्धा लागत नाही. साठ मीटरांचा खळगा मात्र विमानाला पूर्ण एक सेकंद देतो. आणि एक सेकंद हा विमानाच्या अगदी आवडीचा काळ आहे.

आवडीचा कसा, तेही बघू. स्प्रिंगवर बसवलेल्या प्रत्येक वजनाला स्वतःची एक लय असते. स्कूटरची सीट दाबून सोडली की ती आपल्या गतीनं वरखाली होते, तुमच्या सांगण्यावरून नाही. पायांवर उभ्या असलेल्या प्रवासी विमानाची वरखाली होण्याची आणि नाक वर-खाली डोलण्याची लय सेकंदाला एकदाच्या आसपास असते. आता साठच्या वेगानं साठ मीटरांच्या लाटा ओलांडत गेलात, तर जमीनही विमानाला सेकंदाला एकदाच उचलते. झोका देणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. जोर थोडाच लावायचा, पण दर वेळी त्याच क्षणी.

आकडा किती होतो ते पाहू. दोन इंच म्हणजे पाच सेंटिमीटर, म्हणजे मधल्या पातळीपासून अडीच सेंटिमीटर वर आणि अडीच खाली. सेकंदाला एक आवर्तन धरलं, तर अशा लाटेवरून नुसतं जमिनीला चिकटून गेलेल्या वस्तूला दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद एवढं त्वरण मिळतं. गुरुत्वाकर्षणाच्या साधारण एक दशांश. फार नाही, एसटीच्या मधल्या सीटवर झोपलेला माणूस जागा होणार नाही. पण लय जुळली की हे तीन-चार पट होतं आणि आपण ०.३ ते ०.४ ‘जी’पर्यंत जाऊन पोचतो (एक ‘जी’ म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण). धावपट्टीच्या खडबडीतपणाबद्दल बोलताना कॉकपिटमधला ०.४ जी हा ओलांडू नये असा आकडा सर्रास वापरला जातो. तेवढ्या हिसक्यात पायलटला समोरची घड्याळं वाचणं कठीण होतं. दोन इंचांत आपण तिथवर आलो!

कॉकपिटचंच माप का घेतात? एसटीच्या मागच्या बाकावर ज्यानं घाटात प्रवास केलाय, त्याला याचं उत्तर माहीत आहे. मागचा बाक चाकाच्या बराच पलीकडे असतो, म्हणून गाडी डोलते तेव्हा सगळ्यात जास्त तोच उडतो. विमानाचं वजन पेलणारे मुख्य पाय मधोमध असतात आणि पायलट बसतो पार टोकाला. पंखांजवळच्या प्रवाशाला जिथे ‘जरा हललं’ एवढंच वाटतं, तिथे पायलटची हाडं मोजली जात असतात.

म्हणून रस्त्याचा खडबडीतपणा मोजण्याची पद्धत धावपट्टीला नीट लागू पडत नाही. रस्त्यांसाठी आयआरआय नावाचा निर्देशांक जगभर चालतो. त्यात ताशी ८० किलोमीटरनं जाणाऱ्या गाडीचं एक चाक आणि त्यावरचं वजन कल्पून हिशोब मांडतात. अशी गाडी साधारण तीस मीटरांपर्यंतच्या लाटांना दाद देते, त्याहून लांब लाट तिला जाणवतच नाही. विमानाचं दुखणं नेमकं तिथून पुढे सुरू होतं. जितका वेग जास्त, तितकी लांब लाट त्रास देते. काँकॉर्ड साठ मीटरांहून लांब होतं आणि ताशी चारशे किलोमीटरच्या आसपास जमीन सोडायचं. अशा विमानाच्या हिशोबात शंभर मीटरांची लाटही धरावी लागते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मार्गदर्शनात दोन मापं शेजारी-शेजारी आहेत. नवीन पृष्ठभागावर तीन मीटरांची सरळ पट्टी कुठेही ठेवा, खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. आणि ४५ मीटरांच्या अंतरात एखादा अडीच-तीन सेंटिमीटरचा उंचवटा असेल तर तो साधारण चालेल. पहिलं माप गवंड्याच्या कामाचं, दुसरं विमानाच्या. बांधकामाच्या साइटवर पहिल्याची धास्ती जास्त असते, कारण ते लगेच तपासता येतं.

आता विमानाच्या पायाकडे वळू. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत मजेदार भाग वाटतो, कारण इथे विमान बनवणाऱ्यानं जाणूनबुजून एक तडजोड केलेली असते.

पाय म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. आत वर दाबाखालचा नायट्रोजन, खाली तेल, आणि मध्ये बारीक छिद्र. धक्का बसला की नळी आत सरकते. नायट्रोजन दाबला जाऊन स्प्रिंगचं काम करतो, आणि छिद्रातून जबरदस्तीनं ढकललं जाणारं तेल धक्क्यातली ऊर्जा उष्णतेत बदलून टाकतं. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं दाबून दांडा ढकलून पाहा. सुरुवातीला तो सहज जातो, शेवटी शेवटी दगड होतो. नायट्रोजनचंही तसंच.

हा पाय बेतलेला असतो उतरण्यासाठी. प्रवासी विमान सेकंदाला ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट, या वेगानं खाली आदळलं तरी पायानं ते झेललं पाहिजे, असा नियम आहे. रोजच्या उतरण्यात याच्या जवळपासही कुणी जात नाही. पण छिद्राचा आकार ठरतो तो याच वाईट दिवसासाठी.

आणि छिद्रातून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. हेच उलट वाचा. उतरताना नळी सेकंदाला तीन मीटरनं आत जात असेल आणि धावपट्टीवरच्या लांब लाटेवरून जाताना ०.३ मीटरनं सरकत असेल, तर तेलाचा विरोध शंभरावा हिस्साच उरतो. म्हणजे उतरताना ज्यानं विमानाला शांत करायचं, तो ऐन टॅक्सीच्या वेळी, म्हणजे विमान जमिनीवर चालत असताना, जवळजवळ झोपलेला असतो. डोलणं सुरू झालं की लवकर थांबत नाही.

एवढ्यावर भागत नाही. जमिनीवर विमान उभं असतं तेव्हा ही नळी आधीच बरीचशी आत गेलेली असते. पंपाचा दांडा शेवटाकडे आलेला असतो. तिथे स्प्रिंग कडक असते आणि पुढे दबायला जागा थोडीच. शिवाय नळ्यांमधल्या सीलचं घर्षण. लहानसहान धक्क्याला नळी हलतच नाही, अडकून बसते, आणि विमान नुसत्या टायरवर उसळत राहतं. टायर म्हणजे तेलाशिवायची स्प्रिंग, त्यात धक्का जिरवण्याची ताकद फारशी नसते. धक्का थोडा मोठा झाला की नळी एकदम सुटते आणि पायाचं वागणं क्षणात बदलतं. एकाच पायाचे हे दोन स्वभाव. गणित करणाऱ्याची झोप उडवायला एवढं पुरे आहे.

मग एखाद्या मध्यम आकाराच्या प्रवासी विमानाचा हिशोब कसा होतो? वजन ७८ टन धरा. त्यातला नव्वद टक्क्यांहून थोडा जास्त भार दोन मुख्य पायांवर असतो, म्हणजे उभं असताना एका पायावर साधारण ३६ टन. परिपत्रकात एक जुना रोखठोक पर्यायही आहे. सगळी चाकं जमिनीवर असताना स्थिर भाराच्या १.७ पट भार धरा. म्हणजे एका पायावर ६१ टन. हा ‘कधीतरी येईलच’ असा भार. त्यावर दीडपट सुरक्षितता ठेवायची, म्हणजे मोडायच्या आधी सांगाड्यानं ९० टनांच्या पुढे पेलायला हवं.

पायावरचा भार पायापाशी थांबत नाही, हे मात्र पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हवेत असताना पंख विमानाला उचलून धरतात आणि वरच्या बाजूला वाकतात. जमिनीवर चित्र उलटं होतं. आता पंखांनाच कुणीतरी धरून ठेवावं लागतं. त्यांच्या पोटात टनावारी इंधन, खाली लटकलेली इंजिनं, आणि उड्डाणाआधी तर टाक्या भरलेल्या. पंख खाली झुकतात. खिडकीतून लक्ष ठेवलंत तर दिसेल. टॅक्सी करताना पंखाचं टोक हलकेच मान डोलावत असतं, आणि विमान जमीन सोडतं तसं ते वर चढून बसतं. पंखाचा वरचा पत्रा हवेत दाबला जातो आणि जमिनीवर ताणला जातो. तार मोडायची तर आपण ती उलटसुलट वाकवतो. तशी ही एक उलटसुलट दर फेरीला होतेच, आणि तिच्यावर धावपट्टीच्या खडबडीतपणाची बारीक नक्षी चढते. एकेक धक्का किरकोळ. पण विमान आयुष्यभरात हजारो फेऱ्या करतं, आणि धातूचा थकवा बेरीज विसरत नाही.

हे सगळं आधीच सांगता यावं म्हणून ज्यांनी सुरुवातीला डोकं लावलं, त्यांत एक नाव जॉन हौबोल्ट यांचं. अमेरिकेच्या ‘नाका’ या संस्थेत ते होते. तीच पुढे ‘नासा’ झाली. चंद्रावर जाताना मुख्य यान चंद्राभोवती फिरत ठेवायचं आणि छोटं यान तेवढं खाली उतरवायचं, या कल्पनेसाठी वरिष्ठांशी भांडणारे ते हेच हौबोल्ट. १९६२ मध्ये नासानं तो मार्ग स्वीकारला आणि ते प्रसिद्ध झाले. पण त्याआधी, १९५५ मध्ये, दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी धावपट्टीचा खडबडीतपणा आणि टॅक्सी करताना येणारे भार यांवर एक अहवाल लिहिला होता. चंद्राच्या गडबडीत धावपट्टी मागे पडली, ते साहजिकच आहे.

त्या कामातली कल्पना अशी. धावपट्टीला खड्डे आणि उंचवट्यांची यादी म्हणून बघायचं नाही, तर तिला निरनिराळ्या लांबीच्या लाटांचं मिश्रण मानायचं. तानपुऱ्याच्या एका छेडीत जसे अनेक स्वर मिसळलेले असतात, तशी एका धावपट्टीत दोन मीटरांची, दहा मीटरांची, साठ मीटरांची लाट एकात एक मिसळलेली असते. मोजमापातून प्रत्येक लाटेचा जोर वेगळा काढता येतो. विमान कुठल्या वेगाला कुठल्या लयीवर जास्त थरथरतं, हेही काढता येतं. दोन्ही एकमेकांवर ठेवले की सरासरी थरथर किती होईल याचं उत्तर मिळतं. अशा मोजमापांतून एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. लाट जितकी लांब तितकी ती उंच असते, पण त्याच प्रमाणात नाही. लांबी चौपट झाली तर उंची साधारण दुप्पट होते, म्हणजे लांबीच्या वर्गमुळाप्रमाणे.

ही पद्धत देखणी आहे, आणि थकव्याच्या हिशोबाला अजूनही उपयोगी आहे. पण तिच्यात एक खोट आहे. मिश्रण करताना क्रम हरवतो. कुठला उंचवटा कुठल्या नंतर आला, हे सरासरीला ठाऊक नसतं. शिवाय दुप्पट उंचवटा म्हणजे दुप्पट भार असं ती गृहीत धरते. मघाशी पाहिलेला पाय, कधी अडकणारा, कधी सुटणारा, शेवटाला दगड होणारा, असल्या सरळ हिशोबात बसत नाही.

आणि क्रमाची किंमत काय असते, ते युद्धानं दाखवून दिलं.

१९७१च्या डिसेंबरात भूजच्या हवाई तळाच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. जवळच्या माधापर गावच्या सुमारे तीनशे बायकांनी ७२ तासांत धावपट्टी पुन्हा वापरण्याजोगी केली. ही गोष्ट आपल्याला शौर्याची म्हणून माहीत आहे, आणि ती तशी आहेच. पण माझ्यातला इंजिनियर प्रत्येक वेळी ठिगळापाशी अडखळतो. बॉम्बनं पडलेला खड्डा कितीही मन लावून भरला, तरी घाईत तो आजूबाजूच्या पातळीशी अगदी तंतोतंत जुळत नाही. थोडा वर राहतो किंवा खाली बसतो. मग त्यावरून कुठलं विमान जाईल? किती वजनाचं? किती वेगानं?

शीतयुद्धाच्या उत्तरार्धात ‘नाटो’ देशांना हीच काळजी लागली. लढाई सुरू झाली तर पहिल्या काही तासांत आपल्या धावपट्ट्या फुटणार हे ते धरूनच चालले होते. धावपट्टी फोडण्यासाठी खास बॉम्ब निघाले होते, फ्रान्सचा ड्युरँडल त्यांतलाच. १९८२ मध्ये फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिनाचं युद्ध झालं, तेव्हा १ मे रोजी ब्रिटिश व्हल्कन विमानानं तिथल्या पोर्ट स्टॅन्लीच्या धावपट्टीवर हजार पौंडी २१ बॉम्ब टाकले. त्यांतला एक धावपट्टीवर लागला. तरीही अर्जेंटिनाची हर्क्युलिस मालवाहू विमानं तिथे युद्ध संपेपर्यंत उतरत राहिली. जाड, कमी दाबाचे टायर, उतरण्याचा वेग कमी, मुळातच कच्च्या जमिनीसाठी बेतलेलं विमान. तेच ठिगळ एखाद्या लढाऊ जेटला चालेल असं मात्र नाही. त्याचे टायर बारीक आणि कडक, वेग जास्त, पंखांखाली टाक्या आणि बॉम्ब टांगलेले. उसळी मारली की त्या टांगलेल्या वजनांचा हिसका पंखाला बसतो.

घाईच्या दुरुस्तीची ठरलेली रीत अशी होती. खड्डा खडीनं भरायचा, दाबायचा, आणि वरून ‘एएम-२’ नावाच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची चटई अंथरायची. ही चटईच ३८ मिलिमीटर जाड. म्हणजे खालची भर अगदी समतल असली तरी विमानाला दीड इंचाची पायरी चढावी लागणार, आणि पुढे उतरावी लागणार. एका चटईचं फारसं काही नाही. अडचण दुसरीची.

पहिल्या चटईनं विमानाला उचललं. ते पार झालं, पण विमान अजून डोलतंय, वर जातंय, खाली येतंय. तेल झोपलेलंच आहे. एवढ्यात दुसरी चटई आली. विमान खाली येऊन पाय पुरते दबलेले असतानाच ती आली, तर आधीच दगड झालेल्या स्प्रिंगला आणखी दीड इंच दाबावं लागतं आणि भार एकावर एक चढतात. तीच चटई विमान वर उचललं जाऊन पाय हलके असताना आली, तर विशेष काही होत नाही. आणि नेमक्या एका अंतरावर आली, तर पहिलीनं सुरू केलेलं डोलणं दुसरीच निम्मंशिम्मं मोडून टाकते. चटया त्याच, विमान तेच. फरक फक्त दोघींमधल्या अंतराचा आणि वेगाचा.

आता वेगाकडे बघा. आपला रस्त्यावरचा शहाणपणा म्हणतो, हळू चालवा. उड्डाणासाठी पळणाऱ्या विमानाला हळू जाता येत नाही. त्याला शून्यापासून उड्डाणाच्या वेगापर्यंतच्या प्रत्येक वेगातून जावंच लागतं. म्हणजे लय जुळणारा तो नको असलेला वेग कुठेतरी वाटेत येणारच. तो ठिगळावर येतो की मोकळ्या जागी, एवढाच प्रश्न. दुसरीकडे वेग वाढतो तसं पंख विमानाचं वजन उचलू लागतात, तेही वेगाच्या वर्गाप्रमाणे, आणि पायांवरचा बोजा कमी होत जातो. म्हणून सर्वांत वाईट वेग पुष्कळदा ना सर्वांत कमी असतो ना सर्वांत जास्त. तो मध्येच कुठेतरी दडलेला असतो. अंदाजानं सापडत नाही, मोजूनच काढावा लागतो.

हा हिशोब करायचा तर काळाचे बारीक तुकडे पाडून चालत जावं लागतं. या क्षणी प्रत्येक चाकाखाली जमीन किती उंच? टायर किती दबला? नळी अडकलीय की सुटलीय? तेल किती विरोध करतंय? धड किती वर, नाक किती खाली, पंख किती वाकला? त्यावरून सेकंदाच्या हजाराव्या भागानंतरची स्थिती काढायची. मग पुन्हा तेच. पुन्हा तेच. तीस-चाळीस सेकंदांची धाव म्हणजे हजारो पावलं. गंमत अशी की वाकणाऱ्या विमानाचा असा पावलापावलानं हिशोब करण्याची एक पद्धत १९५० मध्ये हौबोल्ट यांनीच मांडली होती. सांगाड्यांच्या गतिशास्त्राच्या पुस्तकांत ती अजून त्यांच्या नावानं शिकवली जाते. १९७०च्या दशकात अमेरिकी हवाई दलानं याच जातीचा एक संगणक प्रोग्रॅम बनवला. त्याचं नाव सरळ ‘टॅक्सी’.

पुढची पायरी प्रत्यक्ष चाचणीची. त्या कार्यक्रमाचं नाव ‘हॅव बाउन्स’. लष्करात असा विनोद क्वचितच जमतो. चांगल्या धावपट्टीवर मुद्दाम उंचवटे मांडायचे आणि खरं विमान त्यांवरून न्यायचं. अशा चाचणीत पायांवर आणि पंखांच्या मुळाशी ताण मोजणारी यंत्रं चिकटवलेली असतात. पहिली फेरी अगदी सावकाश. मोजलेला भार आणि संगणकानं सांगितलेला भार शेजारी मांडायचे. जुळले, तरच वेग एक पायरी वाढवायचा. जुळले नाहीत तर थांबायचं आणि आधी गणितातली चूक शोधायची. कारण पुढचा वेग सुरक्षित आहे, हे सांगणारं दुसरं कुणी तिथे नसतंच.

ठिगळांचा हा प्रश्न युद्धापुरताच आहे असंही नाही. मुंबईच्या विमानतळावर ०९/२७ आणि १४/३२ या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. पाणी वाहून जावं म्हणून प्रत्येक धावपट्टी मध्ये जरा उंच आणि कडेला उतरती ठेवलेली असते, घराच्या कौलासारखी, फक्त फारच कमी उताराची. दोन अशा धावपट्ट्या जिथे भेटतात तिथे एकीवरून पळणाऱ्या विमानाला दुसरीच्या पाठीवरून जावं लागतं. म्हणून छेदाच्या जागी दोन्ही उतार सावकाश विरघळवत न्यावे लागतात. २०१९च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये या छेदाच्या भागाचं काम निघालं, तेव्हा दिवसातले काही तास दोन्ही धावपट्ट्या एकदम बंद ठेवाव्या लागल्या होत्या. विमानांचं वेळापत्रक कोलमडलं म्हणून आपण तेव्हा बोटं मोडली. एका चौकासाठी एवढा खटाटोप का, ते आता कळेल.

पुन्हा त्या परिपत्रकाकडे. २८ आरच्या तक्त्याशिवाय त्यात आणखी एक परीक्षा आहे. एकापाठोपाठ एक दोन गुळगुळीत उंचवटे कल्पायचे, त्यांची उंची लांबीच्या वर्गमुळाच्या हिशोबानं वाढवायची, आणि विमानाला सर्वांत जास्त त्रास होईल अशी लांबी शोधत बसायची. म्हणजे हौबोल्टच्या काळापासून दिसत आलेलं ते वर्गमूळ आणि दोन चटयांचा तो धडा, दोन्ही एकाच परीक्षेत येऊन बसलेत.

शिवाय जुन्या २८ आरवरून विमान दोन्ही दिशांनी पळवून बघायचं असतं. उंचवटे तेच, जमीन तीच. पण एका टोकाकडून निघालं तर एखादा खळगा भेटतो तेव्हा विमान जेमतेम सुटलेलं असतं, आणि दुसऱ्या टोकाकडून निघालं तर तोच खळगा ते नाक उचलण्याच्या बेतात असताना समोर येतो. दोन दिशांचे आकडे वेगळे येतात.